टीव्हीवरची बाग आपल्या बाल्कनीत: नेमकं कुठे चुकतं आणि कोणत्या क्रमाने करायचं

टीव्हीवर बागकाम बघणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: कधी, किती आणि बिघडलं तर काय. पडद्यावर दिसतं ते तयार, डवरलेलं झाड. मधले चाळीस-पन्नास दिवस कात्रीखाली गेलेले असतात. मग ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या अकराव्या मजल्यावर किंवा नवी मुंबईत नेरूळच्या सिडकोच्या घरातल्या चार फुटी बाल्कनीत तोच प्रयोग केला की कोथिंबीर कुजते, टोमॅटोची फुलं गळतात आणि घरात ठरून जातं की आपल्या हाताने झाडं जगत नाहीत. हाताचा त्यात काही दोष नसतो. कार्यक्रम दुसऱ्या हवेसाठी, दुसऱ्या महिन्यासाठी नाहीतर एकरभर शेतासाठी केलेला असतो. तो आपल्या बाल्कनीच्या मापाचा करून घेणं हे काम प्रेक्षकाच्या वाट्याला येतं, आणि ते कुणी सांगत नाही.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. बहुतेक जण सहाव्या टप्प्यापासून, म्हणजे थेट नर्सरीतून, सुरुवात करतात.

टप्पा १: टीव्ही लावण्याआधी बाल्कनी मोजा

सुट्टीचा एक दिवस धरा. सकाळी ८, १०, दुपारी १२, २, ४ आणि साडेपाचला बाल्कनीत थेट ऊन कुठपर्यंत येतं ते खडूने आखा आणि शेजारी वेळ लिहा. नुसता उजेड मोजायचा नाही. हाताची सावली धारदार पडली तरच ते ऊन. एकूण तास एका कागदावर लिहून तो फ्रिजवर लावा.

ही आखणी वर्षातून निदान दोनदा लागते, कारण आपल्याकडे सूर्य जागा बदलतो. ठाणे-नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. वर स्लॅब असला तरी दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन तिरपं शिरून थेट दारापर्यंत येतं. मे महिन्यात तोच सूर्य डोक्यावर जातो आणि त्याच बाल्कनीत दुपारी कठड्याच्या आत उन्हाचा कवडसाही येत नाही. ‘दक्षिणेची बाल्कनी म्हणजे उन्हाळ्यात भरपूर ऊन’ हा समज इथेच फसतो. उत्तरेच्या बाल्कनीला मे ते जुलै सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं, आणि नेमके त्याच दिवसांत ढग दाटतात. पूर्वेची बाल्कनी सगळ्यात सोयीची. पश्चिमेची मार्च ते मे भाजून काढते आणि जून ते सप्टेंबर पावसाचा मारा खाते.

कागदावर आणखी तीन नोंदी करा: बाल्कनीचं पाणी कुठून जातं, खारघर-उलव्यासारखा सुसाट वारा लागतो का, आणि कबुतरांची जाळी आहे की काचेच्या सरकत्या खिडक्या.

तपासा: थेट ऊन चार तासांपेक्षा कमी असेल, तर टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, झेंडू आणि गुलाब यांचे भाग बघायचे ते करमणुकीसाठी. पुदिना, अळू, पालक, मनी प्लांट, स्नेक प्लांट यांचे भाग उपयोगाचे.

सावध: बॉक्स ग्रिलवर किंवा कठड्यावर कुंडी ठेवू नका. बारा इंची कुंडीत नुसती लाल माती भरून पाणी घातलं की ती वीस किलोच्या वर जाते.

टप्पा २: कार्यक्रम कुठल्या हवेचा आहे ते ओळखा

आपल्याकडे बघितले जाणारे कार्यक्रम ढोबळमानाने तीन जातींचे असतात. प्रत्येकाकडून काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ते वेगळं आहे.

बीबीसीच्या ‘गार्डनर्स वर्ल्ड’सारखे ब्रिटिश कार्यक्रम. यांच्याकडून हाताचं काम शिका: शेंडा कुठे खुडायचा, कलम कसं कापायचं, मुळं कशी सोडवायची. कॅमेरा हातावर असतो आणि घाई नसते. महिने मात्र पूर्ण सोडा. तिथे मे म्हणजे शेवटचं गोठणारं दव (फ्रॉस्ट) संपून रोपं बाहेर काढायचा काळ. इथे मे म्हणजे रोपं सावलीत ओढायचा काळ. लॅव्हेंडर, ट्यूलिप, डेल्फिनियम यांचा नाद नको. लॅव्हेंडर उन्हाने मरत नाही, आपल्या दमट पावसाळ्यात बुडापासून कुजतं.

उत्तर भारतातले हिंदी कार्यक्रम. दिल्लीकडची थंडी आपल्याकडे नाही आणि आपला पाऊस तिकडे नाही. खतांच्या घटकांची माहिती घ्या, तारखा आणि पाण्याचं वेळापत्रक घेऊ नका.

सह्याद्री वाहिनीवरचा ‘आमची माती आमची माणसं’ किंवा डीडी किसानवरचे शेतीचे कार्यक्रम. कीड ओळखायला आणि वाणांची नावं कळायला यांच्याइतकं चांगलं काही नाही, आणि हवा आपल्या राज्याची. फक्त मापं एकराची असतात. ती कुंडीत कशी आणायची ते पाचव्या टप्प्यात.

एका शब्दाने सर्वांत जास्त कुंड्या मेल्या आहेत: कंपोस्ट. ब्रिटिश निवेदक ‘कुंडी कंपोस्टने भरा’ म्हणतो तेव्हा तो पिशवीत मिळणाऱ्या, कुंडीसाठी तयार केलेल्या मिश्रणाबद्दल बोलत असतो. आपल्याकडे कंपोस्ट म्हणजे कुजलेलं खत. ते ऐकून अख्खी कुंडी गांडूळखताने भरली, की पहिले पंधरा दिवस झाड खूश दिसतं. मग खत दाबून बसतं, पाणी वरच्या वर तरंगतं, मुळांना हवा मिळत नाही आणि पानं बुडाकडून पिवळी पडायला लागतात. तोवर कार्यक्रमात झाडाला फुलं आलेली असतात.

टप्पा ३: बघताना या सहा गोष्टी लिहा

वही जवळ ठेवा. मोबाइलवर बघत असाल तर थांबवून लिहा.

१. झाडाचं नाव आणि वाण. नुसतं ‘मिरची’ पुरत नाही.
२. चित्रीकरण कुठलं आणि कुठल्या महिन्यातलं. निवेदकाने स्वेटर घातला आहे का, हे बघितलं तरी पुष्कळ कळतं.
३. कुंडीचं माप. पडद्यावर कुंडी नेहमी लहान वाटते. शेजारच्या हाताशी तुलना करा. पसरलेला पंजा साधारण आठ इंच.
४. खता-पाण्याचं प्रमाण आणि एकक: मूठ, चमचा, ग्रॅम की एकरी किलो.
५. दोन दृश्यांमध्ये गेलेले दिवस.
६. काय दाखवलं नाही. पाणी साचलेली थाळी, मेलेली रोपं आणि किडलेलं पान क्वचितच दाखवतात.

पाचवी नोंद बहुतेकांकडून सुटते आणि तिथेच धीरही सुटतो. कार्यक्रमात दिवस सांगितले नसतील तर हे अंदाज धरा. मेथी दोन-चार दिवसांत उगवते आणि २५ ते ३० दिवसांत खुडायला येते. कोथिंबीर उगवायलाच ८ ते १२ दिवस घेते. पाचव्या दिवशी माती उकरून बघणारे तीच उगवण मोडतात. काढणी ३५ ते ४५ दिवसांत. भेंडी चार-सहा दिवसांत वर येते, पहिली शेंग ४५ ते ५० दिवसांनी. मिरचीचं बी ७ ते १० दिवसांत रुजतं, रोप महिन्याने हलवायचं आणि पहिली तोडणी पेरल्यापासून अडीच-तीन महिन्यांनी. टोमॅटोचं रोप २५-३० दिवसांनी हलवलं की पुढे दोन-अडीच महिने फळाची वाट बघावी लागते.

टप्पा ४: महिना आपल्या पंचांगात बसवा

मे अखेर ते जूनच्या पहिल्या सरी: भेंडी, दोडका, अळूचे कांदे, हळद, आलं. हळद-आल्याला डोळा असलेला तुकडा आडवा, दोन इंच खोल.

जुलै-ऑगस्ट: बी पेरू नका. नाजूक रोपं पावसाच्या माऱ्याने आडवी होतात आणि मान कुजून मरतात. हा काळ कलमांचा. जास्वंद आणि मोगऱ्याची पेन्सिलीएवढ्या जाडीपर्यंतची, सहा-आठ इंचांची फांदी या दमट हवेत सहज मूळ धरते. अपवाद झेंडूचा: दसऱ्याला फुलं हवी असतील तर दसऱ्याच्या दोन-सव्वादोन महिने आधी बी पडायला हवं, छपराखाली.

ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर: टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं तयार करा, पाऊस लागणार नाही अशा जागी. टोमॅटोला फळ धरायला रात्री थोड्या गार लागतात. त्या आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच मिळतात. फेब्रुवारीत पेरलेला टोमॅटो एप्रिलमध्ये फुलांनी भरतो आणि सगळी फुलं खाली टाकतो. खत वाढवून ते थांबत नाही.

ऑक्टोबर: पाऊस थांबतो आणि ऊन अंगावर येतं. नवी रोपं आठवडाभर अर्ध्या सावलीत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: मेथी, कोथिंबीर, पालक, लाल माठ, पिटुनियासारखी हंगामी फुलं. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. जानेवारी-फेब्रुवारीत मोगरा छाटून घ्या.

मार्च ते मे: नवं काही नको. मोगरा फुलतो तेवढं बघा, बाकीच्यांना जगवा.

टप्पा ५: प्रमाण कुंडीच्या मापात आणा

बारा इंची कुंडीत साधारण १४ लिटर मिश्रण बसतं. एक लिटरचं भांडं घ्या आणि मोजूनच टाका. ‘अंदाजे दोन घमेली’ इथे चालत नाही.

लाल माती ५ लिटर, भिजवून फुगलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ५ लिटर, गांडूळखत किंवा जुनं शेणखत ३ लिटर, भरड वाळू १ लिटर, आणि एक मूठ नीमपेंड (लिंबोळीचं तेल काढल्यावर उरलेला चोथा). कुंडीवर थेट पाऊस पडणार असेल तर कोकोपीट ३ लिटर आणि वाळू ३ लिटर.

कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट तीन-चार लिटर पाण्यात आठ-नऊ लिटर होते. भिजवल्यावर पिळा, पाणी फेका, पुन्हा भिजवा, दोन-तीनदा. त्यातला क्षार गेला नाही तर रोपाच्या पानांच्या कडा करपतात. वाळूचंही तेच: खाडीची रेती खारी असते, वापरू नका. बांधकामावरची क्रश सँड चालते, पण पाणी नितळ येईपर्यंत धुऊन, म्हणजे बारीक भुकटी निघून जाईल.

मिश्रण झालं की मुठीत घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून पाण्याचा एखादाच थेंब डोकावला, मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोटाने टोचताच फुटला, तर जमलं. पाणी ठिबकलं तर ओलं जास्त, गोळा फुटलाच नाही तर माती जास्त. नीमपेंड घातल्यावर मिश्रण आठ-दहा दिवस झाकून मुरू द्या. कार्यक्रमात हे दिवस कधी दाखवत नाहीत, आणि ताज्या पेंडीची उष्णता कोवळ्या मुळांना बाधते.

कुंडीला पेन्सिल जाईल अशी पाच-सहा छिद्रं हवीत. बुडाला दोन इंच खडी घालायची पद्धत पडद्यावर फार दिसते. त्याने निचरा वाढत नाही. पाणी खडीत उतरण्याऐवजी तिच्या वरच्या मातीत अडून राहतं आणि मुळांची जागाही कमी होते. छिद्रावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचं फडकं, बस्स. कुंडी विटेच्या तुकड्यांवर उचलून ठेवा.

आता एकराचा हिशेब. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. बारा इंची कुंडीचं तोंड ०.०७ चौरस मीटर. ‘एकरी ५० किलो युरिया’ म्हणजे चौरस मीटरला साडेबारा ग्रॅमच्या आत, आणि कुंडीला एक ग्रॅमही नाही: चहाचा चमचा पाव भरेल न भरेल इतका. तोच चमचा गच्च भरून टाकला तर एकरी दोन-अडीचशे किलो एका फटक्यात टाकल्यासारखं होतं, आणि झाड दोन दिवसांत माना टाकतं.

फवारणीचं सोपं. ‘पंधरा लिटरच्या पंपाला ३० मिली’ म्हणजे लिटरला २ मिली, आणि अर्ध्या लिटरच्या स्प्रे बाटलीला १ मिली. मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा. बाटलीच्या झाकणाने मोजू नका.

टप्पा ६: आता नर्सरी

यादी घेऊन जा आणि पहिल्या खेपेला एका जातीची दोनच रोपं आणा. एक जगलं आणि एक मेलं तरी काहीतरी कळतं. बारा एकदम मेली तर काहीच कळत नाही.

फुलांनी लगडलेलं रोप टाळा, कळ्या असलेलं घ्या. पान उलटून बघा: पांढरा कापूस, चिकटपणा किंवा उडणाऱ्या पांढऱ्या माश्या दिसल्या तर परत ठेवा. घरी आणल्यावर दोन-तीन दिवस सावलीत, जुन्या कुंड्यांपासून लांब.

नर्सरीच्या पिशवीतली माती बहुतेकदा चिकणमातीचा घट्ट लाडू असतो. टीव्हीवरचं रोप पिशवीतून काढून थेट खड्ड्यात जातं, कारण त्यांची माती भुसभुशीत असते. आपला लाडू तसाच लावला तर बाहेरची माती ओली आणि आतली कोरडी राहते. अर्धा तास पाण्यात ठेवा, कडेची माती बोटांनी हलके मोकळी करा, मधला मुळांचा गोळा मोडू नका. लावणी संध्याकाळी.

कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याने हलके दाबून दोन फाकी करा, भुगा नको. रात्रभर भिजवा आणि अर्धा इंच खोल पेरा. बारा इंची कुंडीला एक मोठा चमचा पुरे.

टप्पा ७: पाणी

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, नाहीतर नाही. एप्रिलमध्ये बारा इंची कुंडीला रोज एक ते दीड लिटर लागू शकतं, डिसेंबरात एक दिवस आड.

सावध: जुलैत सगळ्या कुंड्यांचं पाणी बंद करू नका. स्लॅबखालच्या आतल्या कुंड्यांवर पाऊस पडतच नाही. बाहेर धो धो कोसळत असताना आतली तुळस वाळते ती यामुळे.

तपासा: थाळीतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून थाळी घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला जेमतेम आठवडा-दहा दिवस लागतात. शिवाय कुंडीतलं पाणी खालच्या मजल्यावर ठिबकलं की सोसायटीच्या सभेला विषय मिळतो.

टप्पा ८: बिघडलं तर आधी कारण, मग औषध

पावसाळ्यात खालची पानं पिवळी आणि मातीला आंबूस वास: मुळं गुदमरली आहेत. खत बंद, कुंडी आत, छिद्र काडीने मोकळं.

मिरचीचा शेंडा चुरडला: पान वर वळलं असेल तर बहुधा फुलकिडे, खाली वळलं असेल तर कोळी ही बारीक कीड. पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण; थोडा असेल तर साबणाच्या पाण्यातल्या कापसाने पुसा, फवारायची गरज नाही.

टोमॅटोचं बूड काळं: पाणी अनियमित. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी पूर, असं झालं की होतं. बुरशीनाशकाचा काही उपयोग नाही.

नीम तेल पाण्यात आपोआप मिसळत नाही. लिटरभर कोमट पाण्यात आधी एक-दोन मिली भांड्याचा साबण, मग ५ मिली तेल, आणि दुधाळ रंग येईपर्यंत हलवा. एका पानावर मारून दोन दिवस थांबा, मग सगळ्या झाडावर, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून. डब्यावर १५०० पीपीएम आहे की १०,००० पीपीएम (आकडा मोठा तेवढं औषध तीव्र), ते वाचा. १०,००० वालं लिटरला २ मिलीच.

टप्पा ९: कार्यक्रमाला प्रश्न पाठवायचा असेल तर

‘माझा मोगरा फुलत नाही, काय करू?’ याला तज्ज्ञही ‘ऊन आणि खत द्या’ यापलीकडे काही सांगू शकत नाही. शहर आणि मजला, बाल्कनीची दिशा, पहिल्या टप्प्यात मोजलेले उन्हाचे तास, कुंडीचं माप, मिश्रणात काय किती आहे, शेवटचं खत कधी आणि किती दिलं, आणि लक्षण पहिल्यांदा कुठल्या आठवड्यात दिसलं, हे चार ओळींत लिहा. सोबत तीन फोटो: पूर्ण झाड कुंडीसकट, बिघडलेल्या पानाची खालची बाजू शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, आणि कुंडी उचलून तिच्या बुडाची छिद्रं.